भाताच्या दाण्यातलं प्रथिन: बियाण्याचं किती, जमिनीचं किती?

मृग जवळ आला की बियाण्याची चौकशी सुरू होते, आणि हल्ली त्यात "प्रोटीन किती?" हेही विचारलं जातं. सिंधुदुर्गातले वालय, सोरटी, मुणगा हे लाल तांदूळ तर बऱ्याचदा "जास्त प्रोटीनचे" म्हणूनच विकले जातात. प्रश्न रास्त आहे. पण हा आकडा वाणाच्या नावाला कायमचा चिकटवता येत नाही, आणि त्यामागे शंभराहून अधिक वर्षांचं संशोधन आहे.

1883 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी धान्यातलं नत्र मोजायची पद्धत बसवली. आजही बहुधा आधी नत्रच मोजतात आणि त्याला गुणक लावून प्रथिन काढतात. भातासाठी हा गुणक 5.95 धरतात. पुढे 1896 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये मक्याची जास्त आणि कमी प्रथिनाची कणसं वेगळी काढून पिढ्यानपिढ्या पेरली गेली. दोन्ही वंश एकमेकांपासून दूर दूर सरकत गेले. प्रथिन वारशाने येतं हे त्यातून ठरलं, आणि ते एका जनुकाचं काम नाही, अनेक जनुकं थोडाथोडा हातभार लावतात, हेही.

भाताचा पेच निराळा आहे. उपवासाच्या कुट्टूला (बकव्हीटला) फळ धरायला वेगळ्या घडणीच्या फुलाचा पराग लागतो, त्यामुळे त्याचं बी सतत मिसळत राहतं. भात बहुतांशी स्वतःच्याच परागावर पिकतो, म्हणून वाण टिकून राहतो. पण दोन वाणांचा संकर केला की त्या पहिल्या दाण्यावरून फारसं काही कळत नाही. वरचं तूस आणि कोंड्याची बाहेरची आवरणं पूर्णपणे आईची असतात. आतला पांढरा गर तिहेरी असतो: दोन हिस्से आईचे, एक बापाचा. शिवाय दाण्यात उतरणारं नत्र आईच्याच पानांतून आणि मुळांतून येतं. वाण तेच दोन, पण आई-बाप उलटे केले तर दाणा वेगळा दिसू शकतो तो यामुळे. खरी परीक्षा पुढच्या पिढ्या लावून, रोप-रोप तपासूनच होते.

1960 च्या दशकात जगभर "प्रथिनांची तूट" हा शब्द गाजत होता. तेव्हा फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने जास्त प्रथिनाचे वाण शोधायला घेतले. अडचण लगेच समोर आली. एकाच वाणाचं प्रथिन हंगाम, जमीन आणि खत बदललं की दोन-चार टक्क्यांनी हलतं. फुलोऱ्याच्या सुमाराला नत्र दिलं तर वाढतं. त्यात उत्पादन वाढलं की प्रथिनाची टक्केवारी बहुधा उतरते. याच काळात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे ठामपणे सांगत होते की भारतीय ताटात मुख्य उणीव उष्मांकांची आहे. पोटभर धान्य आणि डाळ मिळाली तर प्रथिन बहुतेकांना पुरतं. मला ते आजही पटतं. तांदळात लायसिन हा प्रथिनाचा एक आवश्यक घटक कमी पडतो, तो कुळथात भरपूर असतो. आपली पिठी आणि भात ही जोडी म्हणूनच इतकी चांगली आहे.

तरी पैदासकार थांबले नाहीत. आसाममधून गोळा केलेल्या एआरसी 10075 या वाणाचा गुण 'नवीन' या वाणात उतरवून कटकच्या राष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 'सीआर धान 310' तयार केला. तो 2016 मध्ये प्रसारित झाला. त्याच्या सडून पॉलिश केलेल्या तांदळात सरासरी 10.3 टक्के प्रथिन आहे. नेहमीच्या पांढऱ्या तांदळात साधारण 7 टक्के असतं.

कोकणात हा आकडा जसाच्या तसा येईल असं धरून चालू नये. जांभ्याच्या जमिनीतून आषाढाच्या पावसात नत्र धुपून जातं, आणि गिरणीत जास्त पॉलिश केलं की प्रथिनाने दाट असलेला बाहेरचा थर कोंड्यात जातो. वालयची तुलना करायची तर दुसरा वाण शेजारच्याच वाफ्यात, तेवढंच खत देऊन लावावा, दोन्ही सारखेच सडून घ्यावेत आणि मगच नमुने तपासायला द्यावेत.