लाळग्रंथींचा क्षयरोग : निदान

मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस या जंतूमुळे लाळग्रंथीत, बहुधा एकाच बाजूला, होणारा विरळ फुप्फुसेतर क्षयरोग. गाठ सावकाश वाढते आणि सहसा दुखत नाही. त्यामुळे संशय प्रथम अर्बुदाचा (ट्यूमरचा) येतो आणि पुष्कळदा ग्रंथी काढून तपासल्यावरच क्षय उघड होतो.

पहिल्या नोंदीचे श्रेय काही जण दे पाओली (१८९३) यांना, तर काही फॉन श्टूबेनराउख (१८९४) यांना देतात. संसर्गाच्या मार्गाबद्दलही मतभेद आहेत. तोंडातील जंतू स्टेन्सन नलिकेतून (पॅरोटिड ग्रंथीतील लाळ तोंडात आणणाऱ्या नळीतून) उलटे शिरतात, असे एक मत आहे. पण वाहती लाळ व तिच्यातील लायसोझाइम हे जंतुनाशक विकर जंतूंना थारा देत नाहीत. रक्तावाटे प्रसार मुख्यतः फुप्फुसाचा क्षय असलेल्यांत संभवतो. दात, हिरड्या वा टॉन्सिलमधून लसीकावाहिन्यांद्वारे जंतू येतात, हे मत अधिक ग्राह्य वाटते. गर्भावस्थेत पॅरोटिड (अनुकर्ण, म्हणजे कानाजवळच्या) ग्रंथीचे वेष्टन उशिरा तयार होते आणि लसीका गाठी आतच राहतात. अधोहनु (जबड्याखालच्या) ग्रंथीत तसे होत नाही. पॅरोटिड अधिक वेळा का बाधित होते, याचा उलगडा त्यातून होतो. अधोजिव्ह (जिभेखालच्या) ग्रंथीचा क्षय अत्यंत विरळ आहे.

तपासणीची सुरुवात तोंड उघडून पाहण्याने करावी. खानदेशात तंबाखू-गुटख्याचे व्यसन सर्रास असल्याने मुखकर्करोगाचाही विचार करावा लागतो; त्याची पसरलेली गाठ क्षयासारखीच मधोमध मृत होऊन मऊ पडते. चेहऱ्याची नस लुळी पडली असेल, तर कर्करोगाची शंका बळावते. गालगुंड अचानक येते, तापासह येते व बहुधा दोन्ही बाजूंना होते.

सोनोग्राफीच्या आधाराने २२ किंवा २३ गेजच्या सुईने नमुना घेतात. केवळ मधला पू ओढला तर मृत पेशीच येतात, ग्रॅन्युलोमा (क्षयात दिसणारा दाहक पेशींचा पुंजका) सापडत नाही. केवळ कडेचा भाग घेतला तर जंतू हुकतात. म्हणून दोन्ही ठिकाणी सुई घालावी. काही काचपट्ट्या ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवतात, काही हवेत वाळवतात. उरलेला नमुना सीबीनॅट (जंतूंची जनुके शोधणारी चाचणी) व कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी) निर्जंतुक सलाइनमध्ये ठेवावा. तो फॉर्मॅलिनमध्ये टाकला की जंतू मरतात व कल्चर हातचे जाते. ही चूक वारंवार होते.

झील-नील्सन रंजनात (क्षयजंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या पद्धतीत) जंतू दिसण्यासाठी मिलिलिटरमागे साधारण ५ ते १० हजार जंतू लागतात. लाळग्रंथीत ते विरळ असल्याने नकारार्थी निकालाने क्षय वगळता येत नाही, सीबीनॅटचेही तेच. सीबीनॅटचा निकाल सुमारे दोन तासांत मिळतो व रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला जंतू दाद देत नाहीत का, हेही कळते. द्रव माध्यमातील कल्चरला सहा, लोवेनस्टाइन-जेन्सन या घन माध्यमाला आठ आठवडे वाट पाहावी लागते. नुसता ग्रॅन्युलोमा सार्कॉइडोसिस या जंतूंविना होणाऱ्या दाहक आजारातही सापडतो.

धडगाव, अक्कलकुवा यांसारख्या सातपुड्यातील तालुक्यांतून नमुना त्याच दिवशी पोचेलच असे नाही. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा वेळी इतर जंतू माजून कल्चर बिघडते. नमुना २ ते ८ अंश सेल्सिअसला, बर्फाच्या डब्यातून पाठवावा.

मँटू चाचणी (क्षयसंसर्गासाठीची त्वचेवरील चाचणी) ४८ ते ७२ तासांनी वाचतात. बीसीजी लस व सर्वत्र असलेल्या संसर्गामुळे तिचा उपयोग मर्यादित आहे. छातीचा एक्स-रे निर्दोष असला तरी निदान बाद ठरत नाही. एचआयव्ही तपासणी सर्वांचीच करतात. गाठीला चीर देणे टाळावे: जखम न भरता वाहत राहते आणि चेहऱ्याच्या नसेला इजा होण्याचा धोका असतो. निदान झाल्यावर निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंद करून प्रमाणित उपचार साधारण सहा महिने देतात. सुरुवातीच्या आठवड्यांत गाठ थोडी वाढू शकते. तेवढ्यावरून निदान चुकले किंवा औषध लागू पडत नाही, असे धरू नये.