बाटल्यांची बेगमी : व्हेपच्या साठ्यामागचा इतिहास

कोथरूडमधल्या एका घराच्या फ्रीझरमध्ये, मटारच्या पिशवीखाली, साठ-साठ मिलीच्या बाटल्या आडव्या रचलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. प्रत्येकीवर मार्करने महिना लिहिलेला. वर्ष २०१९, घर माझ्या मित्राचं. दिवसाला वीस सिगारेटी ओढणारा हा माणूस दोन वर्षांपूर्वी व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर, आला होता. त्यात भरायचं निकोटिनचं द्रावण, म्हणजे जूस, रोज पाच मिली लागायचा. एक बाटली बारा दिवस. अशा बावीस बाटल्या त्याने जुलैपासून जमवल्या होत्या. जूनपर्यंतची सोय.

भरून ठेवणं पुणेकरांच्या अंगवळणी पडलेलं आहे. गुरुवारी पाणी बंद असलं की बुधवारी रात्री पिंपं भरतात, मे महिन्यात वर्षाचा गहू येतो. निकोटिनची बेगमी करायची रीत मात्र अमेरिकेतून आली, आणि ती तिथे का पडली हे समजल्याशिवाय कोथरूडचा तो फ्रीझर कळत नाही.

आजच्या ई-सिगारेटचा जनक म्हणून चीनमधले औषधतज्ज्ञ होन लिक यांचं नाव घेतलं जातं. त्यांनी २००३ च्या सुमारास हे यंत्र घडवलं. काही वर्षांतच ते युरोप-अमेरिकेत पसरलं आणि कायदे मागून धावत आले. युरोपीय संघाचे नियम मे २०१६ मध्ये लागू झाले. त्यानुसार निकोटिनच्या जूसची बाटली दहा मिलीपेक्षा मोठी नको आणि एका मिलीत वीस मिलीग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन नको. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याच वर्षी ८ ऑगस्टपासून ई-सिगारेट तंबाखूच्या नियमांखाली आणली. नवा माल बाजारात आणायचा तर आधी परवानगी घेणं भाग पडलं. आवडीचं सगळंच बाजारातून उठणार, या धास्तीने लोकांनी पातळ न केलेलं निकोटिन लिटरच्या हिशोबाने घेतलं आणि गडद काचेच्या बाटल्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवलं. उजेड, उष्णता आणि हवा लागली की निकोटिन पिवळं, मग तपकिरी पडतं आणि घशाला मिरीसारखं झोंबतं, म्हणून ही थंडी.

त्यातला हिशोब थक्क करणारा आहे. मिलीला शंभर मिलीग्रॅमचं एक लिटर द्रावण तीन मिलीग्रॅमपर्यंत पातळ केलं, तर तेहतीस लिटरहून जास्त जूस होतो. रोज पाच मिली धरले तरी एक माणूस तो अठरा वर्षं ओढेल. आणि त्याच मूळ द्रावणाच्या एका चमच्यात, पाच मिलीत, पाचशे मिलीग्रॅम निकोटिन असतं. ते कातडीतूनही शरीरात जातं. लहान मूल असलेल्या घरात अशी बाटली बर्फाच्या ट्रेशेजारी ठेवणं मला आजही भयंकर वाटतं.

अमेरिकेत लोकांना निदान वेळ मिळाला होता. नियमाचा मसुदा २०१४ मध्येच बाहेर आला होता. आपल्याकडे सूचना तुकड्या-तुकड्यांनी आली. कर्नाटकाने २०१६ मध्ये बंदी घातली. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने सगळ्या राज्यांना विक्री थांबवण्याचा सल्ला दिला. मार्च २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही वस्तू औषध ठरत नाही, असं म्हणत केंद्राच्या परिपत्रकाला स्थगिती दिली, आणि औषध कायद्याखाली विक्री रोखायचा रस्ता अडला. मे महिन्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने श्वेतपत्रिका काढून संपूर्ण बंदीची शिफारस केली. माझ्या मित्राने तीच बातमी वाचून जुलैत बाटल्या घ्यायला सुरुवात केली.

तेवढ्यात अमेरिकेत व्हेप ओढणारी माणसं फुप्फुसाच्या गंभीर आजाराने रुग्णालयांत दाखल होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथे २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. मुख्य दोष निघाला तो काळ्या बाजारातल्या, गांजाचा अर्क भरलेल्या व्हेपच्या नळकांड्यांमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटचा. पण ते स्पष्ट होईपर्यंत इथला निर्णय झालेला होता.

बुधवार, १८ सप्टेंबर २०१९. विसर्जनाची मिरवणूक उरकून आठवडाही झाला नव्हता, पितृपक्ष चालू होता. केंद्रीय मंत्रिमंडळाने अध्यादेश मंजूर केला आणि निर्मला सीतारामन यांनी पत्रकार परिषदेत तो जाहीर केला. डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, जाहिरात यांच्या जोडीला कायद्याच्या नावातच आणखी एक शब्द आहे : साठवण. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्यांच्याकडे आधीचा साठा आहे, त्यांनी स्वतःहून यादी करून तो जवळच्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे फौजदार किंवा त्यावरच्या पोलीस अधिकाऱ्याकडे, जमा करायचा. ओढणाऱ्यासाठी वेगळी शिक्षा नाही, पण किती बाटल्या म्हणजे साठा, याचं मापही कायद्यात नाही. कालपर्यंत जी बेगमी होती तिला आता काय म्हणायचं, हे मित्राला कळेना.

महाराष्ट्राला बंदी नवी नव्हती. इथे २०१२ पासून गुटखा बंद आहे, आणि कमला मिलच्या आगीनंतर २०१८ मध्ये हुक्का पार्लरं बंद झाली. गुटखा बंद असूनही कुठे मिळतो, हे कुणाला सांगायला नको. तरी मुलांच्या हातात आंब्याच्या, पुदिन्याच्या वासाचं निकोटिन पडू नये, हा सरकारचा हेतू मला मनापासून पटतो. शाळकरी पोरांच्या दप्तरात हे यंत्र सापडतं तेव्हा पोटात गोळा येतो. माझी तक्रार वेगळी आहे. जी मोठी माणसं आधीच निकोटिनला बांधली गेली होती, त्यांनी उद्या सकाळी काय करायचं, याबद्दल त्या अध्यादेशात एक ओळही नव्हती. दोन मिलीग्रॅमचा निकोटिनचा च्युइंगम औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत व्यसनमुक्ती सेवा तेव्हाही चालू होती. बंदीच्या घोषणेइतक्याच मोठ्या आवाजात हे कुणी सांगितलं असतं, तर किती फ्रीझर रिकामे झाले असते.

मित्र घ्यायचा ते दुकान दुसऱ्या दिवशी उघडलं नाही. त्याने यादी केली नाही, बाटल्या पोलीस चौकीत नेल्या नाहीत, टाकूनही दिल्या नाहीत. टाळेबंदीत तो घरी बसून त्या एकेक संपवत गेला. जून २०२० मध्ये शेवटची संपली. त्याच आठवड्यात त्याच्या गल्लीतली टपरी अर्धं शटर वर करून पुन्हा सुरू झाली होती, आणि तिथून त्याने पहिलं पाकीट घेतलं.