ग्राफिक्स कार्ड बदलताय? आधी १२ व्होल्टचे अँपिअर बघा

ग्राफिक्स कार्डवरची मुख्य चिप साधारण १ व्होल्टवर चालते. आता ती १५० वॅट खात असेल तर हिशोब करा, वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, म्हणजे जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरच्या त्या सिलिकॉनमधून तब्बल १५० अँपिअर करंट वाहतोय! एवढा करंट पॉवर सप्लायपासून (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) वायरीने आणायचा तर वायरी केवढ्या जाड लागतील, म्हणून सप्लाय १२ व्होल्ट देतो, त्यात तेच १५० वॅट साडेबारा अँपिअरमध्ये भागतात, आणि चिपच्या अगदी शेजारी कार्डवरच ते १२ चे १ व्होल्ट केले जातात. कार्डवर चौकोनी ठोकळ्यांची रांग दिसते ना, ती त्याच कामासाठी आहे.

हे आधी सांगायचं कारण असं की ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये नवीन कार्ड टाकताना सगळे व्हीआरएएम (कार्डची स्वतःची मेमरी) किती, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) किती एवढंच बघतात, आणि खरं बघायला हवं ते हे १२ व्होल्टचं गणित.

कार्डला हे १२ व्होल्ट दोन वाटांनी मिळतात. एक म्हणजे मदरबोर्डचा स्लॉट, त्यातून जास्तीत जास्त ७५ वॅट. त्याहून जास्त लागलं की सप्लायमधून थेट केबल हवी, ६ पिनची असेल तर आणखी ७५ वॅट, ८ पिनची असेल तर १५०. जीटीएक्स १६५० ची काही मॉडेल्स किंवा ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० नुसत्या स्लॉटवर चालतात, म्हणून जुन्या ऑफिस पीसीवाल्यांमध्ये ती एवढी पॉप्युलर. आरटीएक्स ४०६० ला मात्र ११५ वॅट लागतात, ३०६० ला १७०, तिथे केबलशिवाय पर्याय नाही, आणि बऱ्याच ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये ती केबलच नसते, कारण कंपनीने सप्लाय मूळ मशीनपुरताच मोजून दिलेला असतो.

आता कॅबिनेट उघडा आणि सप्लायवरचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरात ३०० वॅट लिहिलं असलं तरी खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या पुढे किती अँपिअर आहेत ते बघा. समजा १८ आहेत. १८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॅट, बाकीचे ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनवर, ते कार्डच्या जवळपास काहीच कामाचे नाहीत. प्रोसेसर समजा कोर आय५-१२४०० आहे, त्याच्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं पण टर्बोमध्ये, म्हणजे वेग वाढवून चालताना, तो ११७ पर्यंत जाऊ शकतो, हा आकडा इंटेलनेच दिलाय. ११७ अधिक ४०६० चे ११५, झाले २३२. फॅन आणि डिस्क धरायच्या आधीच लाइन संपली! (लेबलवर १२ व्होल्टच्या दोन लाइन असतील तर अँपिअरची सरळ बेरीज करू नका, दोन्ही मिळून किती वॅट ते वेगळं लिहिलेलं असतं, ते धरा.)

बरं, बेरीज बसली म्हणजे झालं असंही नाही. कार्डवर लिहिलेले वॅट हा सरासरी आकडा असतो, प्रत्यक्षात सीन बदलला की काही मिलिसेकंदांसाठी किंवा त्याहूनही कमी वेळ कार्ड त्याच्या कितीतरी वर उडी मारतं. सप्लायचं प्रोटेक्शन सर्किट ते बघतं, ओव्हरलोड समजतं आणि मशीन एका झटक्यात बंद. गेम मस्त चालू असताना एकदम काळा स्क्रीन आणि रिस्टार्ट, टेम्परेचर मात्र नॉर्मल, असं होत असेल तर माझा पहिला संशय सप्लायवर. डेस्कटॉप सप्लायसाठी २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० स्टँडर्डमध्ये याची दखल घेतली गेली, ४५० वॅटच्या वरच्या सप्लायने आपल्या क्षमतेच्या दुप्पट झटका १०० मायक्रोसेकंद सहन करायचा अशी अपेक्षा त्यात आहे. म्हणून नवीन घेताना बेरजेच्या काठावरचा घेऊ नका, चांगली मोकळीक ठेवा. ८० प्लस गोल्ड वगैरे बिल्ला वीज किती कमी वाया जाते ते सांगतो, असे झटके झेपतील का ते सांगत नाही.

केबल नाही म्हणून लोक साटा पॉवरवरून (हार्ड डिस्कला वीज देणारी केबल) ६ पिन बनवणारा अडॅप्टर आणतात, तो कृपया लावू नका. साटा कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या ३ पिना असतात, प्रत्येकीला दीड अँपिअरची परवानगी, म्हणजे एकूण साडेचार अँपिअर, ५४ वॅट. आणि ६ पिनवरून कार्ड ७५ मागू शकतं. कनेक्टरमध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, करंट दीडपट झाला की उष्णता सव्वादोनपट, त्यामुळे आधी प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं आणि कधीकधी पेटतंसुद्धा.

मग सप्लायच बदलू म्हटलं तर ब्रँडेड मशीनमध्ये पुढचा अडथळा. साध्या एटीएक्स सप्लायची केबल मदरबोर्डला २४ पिनांनी लागते, पण कित्येक ब्रँडेड बोर्डांवर ६ किंवा ८ पिनांचं कंपनीचं स्वतःचं सॉकेट असतं, शिवाय सप्लायचा आकारही वेगळा, लांबट नाहीतर चपटा. त्यामुळे खरेदीच्या आधी बोर्डवरच्या पिना मोजा, सप्लायची लांबी-रुंदी-उंची मोजा, कार्डसाठी किती सेंटिमीटर जागा आहे तेही मोजून घ्या. नेमक्या त्याच मॉडेलसाठी कन्व्हर्टर केबल मिळत असेल तर मार्ग आहे, नाहीतर स्लॉटवर चालणारं कार्ड घेणंच शहाणपणाचं, असं माझं स्पष्ट मत आहे.

नवीन सप्लाय मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-लावता येणारा असेल तर त्याच्या सोबत आलेल्याच केबल वापरा. दुसऱ्या सप्लायच्या केबल सॉकेटमध्ये घट्ट बसतात पण सप्लायकडच्या टोकाला कुठल्या पिनवर काय याचं स्टँडर्डच नाही, ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की हार्ड डिस्क एका सेकंदात गेलीच म्हणून समजा. आणि सप्लायचा डबा स्वतः कधीही उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

स्लॉटचंही जरा बघा. रॅडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी सारखं कार्ड स्लॉटमधल्या डेटाच्या फक्त ४ लेन वापरतं, पीसीआय एक्सप्रेस (या स्लॉटचं स्टँडर्ड) ४.० वर ते सुमारे ८ जीबी प्रतिसेकंद, जुन्या ३.० च्या बोर्डवर निम्मंच, आणि कार्डची मेमरी अपुरी पडली की फरक लगेच जाणवतो.

सगळं जोडून झालं की मॉनिटरची केबल कार्डला लावा, बोर्डला नाही, ड्रायव्हर टाका आणि एखादा जड गेम अर्धा तास चालवून मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये १२ व्होल्टचं रीडिंग बघत राहा. ५ टक्के वर-खाली चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. सॉफ्टवेअरचा आकडा थोडा इकडेतिकडे असू शकतो, पण लोड चढल्यावर १२.१ चं ११.९ झालं तर काही काळजी नाही, ११.४ च्या खाली घसरायला लागलं तर गेम बंद करा, मशीन शटडाउन करा आणि कनेक्टर पूर्ण आत बसलेत का ते एकेक करून तपासा, तरीही तेच झालं तर तो सप्लाय त्या कार्डला पुरत नाहीये.