त्वचेचा स्क्वॅमस पेशी कर्करोग

त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील चपट्या पेशींपासून होणारा कर्करोग. वैद्यकात त्याला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा म्हणतात. जगात त्वचेच्या कर्करोगांत बेसल सेल कार्सिनोमा पहिला आणि हा दुसरा. भारतातील अनेक रुग्णालयांच्या नोंदींत मात्र हाच पुढे राहत आला आहे. लवकर सापडला तर बहुतेकदा एका छोट्या शस्त्रक्रियेत तो पूर्ण बरा होतो. खानदेशात तो उशिरा सापडतो, कारण तो जखमेच्या रूपाने येतो. ‘जखम काही भरस नही’ एवढेच घरात बोलले जाते, मलमे बदलत राहतात आणि वर्ष निघून जाते.

बाह्यत्वचा अंगावर बहुतेक ठिकाणी जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असते. तिच्या तळाशी नव्या पेशी तयार होतात, वर सरकताना चपट्या होतात, केराटिन या टणक प्रथिनाने भरतात आणि साधारण चार आठवड्यांनी कोंडा होऊन गळतात. जखम झाली की कडेच्या पेशी भराभर वाढून उघडी जागा झाकतात आणि मग थांबतात. जागा पुन्हा पुन्हा उघडी पडली, तर हे वाढणे वर्षानुवर्षे चालू राहते. प्रत्येक विभाजनात जनुकांत चूक होण्याची थोडी शक्यता असतेच. पेशींना आवर घालणारे पी-५३ हे जनुक बिघडले, की वाढ थांबवणारा कोणी उरत नाही. उन्हातील अतिनील किरणही हेच जनुक बिघडवतात.

कारणे : गोऱ्या लोकांच्या देशांत या रोगाचे मुख्य कारण ऊन आहे. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तरी इथल्या सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरणांचा बराच भाग अडवते. म्हणून उन्हाने होणारा प्रकार इथे कमी दिसतो. दिसतो तेव्हा खालचा ओठ, कानाची पाळी, नाक आणि मुठीची मागची बाजू या जागी. गांधी टोपीने डोके झाकले जाते, पण कान, मान आणि ओठ उघडेच राहतात. कानावरून गुंडाळलेले उपरणे किंवा रुमाल शेतात अधिक कामाचा. जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या, म्हणजे अल्बिनिझम असलेल्या व्यक्तीला मात्र धोका फार मोठा असतो आणि तो तरुणपणीच समोर येतो. अशा मुलाला पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी आणि सावलीतले काम हवे. कोड हा निराळा विकार आहे. त्याच्या डागांवरून एवढी भीती बाळगण्याचे कारण नाही.

खानदेशासाठी अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे जुना व्रण, म्हणजे जखम भरल्यावर उरलेली खूण. लहानपणी चुलीत, गरम पाण्याने किंवा स्टोव्हच्या भडक्याने भाजलेल्या जागी वीस-तीस वर्षांनी कर्करोग होतो, त्याला मार्जोलिन व्रण म्हणतात. झाँ-निकोला मार्जोलिन या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १८२८ मध्ये जुन्या व्रणांवर होणाऱ्या अशा जखमांचे वर्णन केले होते. भाजल्याचा व्रण जवळून पाहिला की कारण कळते. कातडी चकचकीत, पातळ, पांढुरकी आणि खालच्या हाडाला ताणून बसलेली असते. तिथे केस नसतात, घाम येत नाही, रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. नडगीवर असा व्रण असलेली बाई कपाशी वेचायला गेली, की वाळलेल्या काडीचा एक ओरखडा पुरतो. जागा फुटते, महिनाभराने खपली धरते, पुढच्या वेचणीला पुन्हा फुटते. गुडघ्यामागे किंवा कोपरात आखडलेल्या व्रणाचेही असेच. पाय सरळ करताना तो दर वेळी तडकतो. भाजलेल्या शंभरांपैकी एका-दोघांतच पुढे कर्करोग होतो, पण जो होतो तो उन्हामुळे होणाऱ्यापेक्षा अधिक आक्रमक असतो.

कुष्ठरोगात बधिर झालेल्या तळपायाची वर्षानुवर्षांची जखम, हाडातून पू वाहणारी जुनी नळी, त्वचेचा क्षयरोग, शिरा फुगल्याने घोट्यावर झालेली जखम, किरणोपचार झालेली जागा यांतही हाच बदल होऊ शकतो. पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिक आणि मूत्रपिंड-रोपणानंतर घ्यावी लागणारी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे ही आणखी दोन कारणे.

कमरेचा कर्करोग : हा प्रकार भारतीय पेहरावाशी जोडलेला आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात काम केलेले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये सवयींशी निगडित कर्करोगांवर लिहिताना धोतराच्या कर्करोगाचे वर्णन केले. पुढे परकराचा नाडा घट्ट बांधणाऱ्या स्त्रियांतही तोच विकार आढळला आणि वैद्यकात त्याला साडीचा कर्करोग असे नाव पडले. नाडा वर्षानुवर्षे एकाच रेघेत बसतो. आधी तिथे काळा पट्टा उमटतो, मग कातडी जाड होते, तिच्यावर भुरा कोंडा येतो. घामाने नायटा होतो, खाजवून चीर पडते. हा पट्टा पाहून कोणी घाबरावे असे नाही, कारण तो बहुसंख्य बायकांच्या कमरेवर असतो आणि कर्करोग फार थोड्यांना होतो. मात्र त्या पट्ट्यात खरबरीत गाठ आली, चीर महिनाभर भरली नाही किंवा परकरावर रोज रक्ताचा डाग पडू लागला, तर दाखवायलाच हवे. संकोचामुळे इथेच उशीर होतो. आशाताईने घरात विचारपूस करताना कमरेबद्दल स्पष्ट विचारले, तर बाई सांगते. न विचारता सहसा सांगत नाही. उपाय साधा आहे : दोरीसारख्या नाड्याऐवजी बोट-दीड बोट रुंदीचा मऊ सुती नाडा, बांधण्याची पातळी अधूनमधून वर-खाली करणे, रात्री नाडा सैल सोडणे आणि नायट्यावर पूर्ण उपचार घेणे. करदोटा घट्ट असेल तर तोही त्याच जागी घासतो, हे लक्षात असू द्यावे.

ओळख : जखम धुऊन, पुसून, दिवसाच्या उजेडात पाहावी. साध्या जखमेची कड उताराची असते आणि तिच्यावर निळसर-गुलाबी नवी कातडी आत सरकताना दिसते. कर्करोगाची कड उंच, बाहेरच्या बाजूला उलटलेली आणि बोटाला टणक लागते. तळ खडबडीत असतो, पट्टी सोडताच रक्त येते आणि रोज धुऊनही वास जात नाही. काही वेळा खड्ड्याऐवजी फुलकोबीसारखी वाढ दिसते. आयुष्यभर न दुखलेला व्रण अचानक दुखू लागणे हीही खूण आहे. त्याउलट, दुखत नाही म्हणून निर्धास्त राहणे चूक, कारण सुरुवातीला हा कर्करोग बहुधा दुखतच नाही. सहा आठवडे नीट पट्टी करूनही जी जखम आकसत नाही, तिचा तुकडा तपासावा. जुन्या व्रणावरच्या जखमेसाठी तेवढेही थांबू नये.

याआधीची पायरीही ओळखता येते. बोवेनचा रोग म्हणजे बाह्यत्वचेपुरता मर्यादित असलेला हाच कर्करोग. लालसर, खवल्यांचा, स्पष्ट कडेचा चट्टा वर्षानुवर्षे हळूहळू पसरतो. नायटा समजून त्यावर दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे मलम लावले जाते, खाज कमी होते आणि चट्टा राहतोच. बेसल सेल कार्सिनोमा निराळा. तो बहुधा नाक-डोळ्यांजवळ येतो, आपल्याकडे अनेकदा काळा असल्याने तीळ वाटतो आणि शरीरात जवळजवळ कधीच पसरत नाही.

बायोप्सी (तुकडा काढून तपासणे) : निदान तुकड्यावरच होते, रक्ताच्या तपासणीने किंवा सोनोग्राफीने नाही. जागा बधिर करून कडेचा तुकडा घेतात, त्यात थोडी चांगली कातडी आणि खालचा तळ यावा लागतो. तीन-चार मिलिमीटरच्या पंचने (गोल पात्याच्या हत्याराने) किंवा सुरीने पाचरीसारखा काप घेऊन हे होते; दहा-पंधरा मिनिटांचे काम. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. मधला पिवळा सडका भाग घेतला, तर अहवालात फक्त दाह येतो. तुकडा फारच वरवरचा असेल, तर जुन्या जखमेची साधी जाडी आणि कर्करोग यांत फरक करता येत नाही. तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा कुजू न देणाऱ्या द्रवात), त्याच्या दहापट तरी द्रवात बुडवावा. सलाइनमध्ये किंवा पाण्यात टाकून दुसऱ्या दिवशी एसटीने शहरात पाठवलेला तुकडा वाटेत कुजतो आणि सगळे पुन्हा करावे लागते. बाटलीच्या अंगावर नाव, तारीख, जागा लिहावी, झाकणावर नव्हे. झाकणे अदलाबदल होतात. अर्जात ‘जुना भाजल्याचा व्रण, इतकी वर्षे’ हे लिहिले, तर पाहणाऱ्याला फार मदत होते. अहवालात कर्करोग नाही असे आले आणि जखम तशीच राहिली, तर दोन-तीन जागांहून खोल तुकडे पुन्हा घ्यावेत. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ ही भीती गावोगाव ऐकू येते. तिला आधार नाही, आणि तिच्यामुळे पाय गमावलेली माणसे आहेत.

प्रसार : आधी जवळच्या लसिकाग्रंथींत (जंतुसंसर्गात सुजणाऱ्या गाठींत) : पायाच्या जखमेसाठी जांघेत, हाताच्या जखमेसाठी काखेत, चेहऱ्याच्या जखमेसाठी मानेत. जांघेतली गाठ जंतुसंसर्गानेही येते, म्हणून सुईने पेशी काढून तपासतात. उन्हामुळे होणाऱ्या प्रकारात शंभरात साधारण दोन ते पाच जणांत रोग पसरतो, भाजलेल्या व्रणावरच्या प्रकारात हे प्रमाण कितीतरी अधिक असते. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी वाढ, सहा मिलिमीटरपेक्षा जास्त खोली, मज्जातंतूभोवती शिरकाव, ओठ किंवा कानावरची जागा या धोका वाढवणाऱ्या गोष्टी.

उपचार : मुख्य उपचार शस्त्रक्रिया. लहान, कमी धोक्याच्या वाढीभोवती ४ ते ६ मिलिमीटर चांगली कातडी घेऊन ती काढतात. व्रणावरच्या कर्करोगात साधारण दोन सेंटिमीटर. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत असे अहवालात यावे लागते. तसे नसेल तर पुन्हा कापावे लागते. मोठ्या जागेवर मांडीची कातडी लावतात. रोग हाडात गेला असेल, तर पाय काढण्याची वेळ येते. हे वाक्य रुग्णाला सांगणे अवघड असते. निर्णयाला चार दिवस लागले तरी चालते, चार महिने नाहीत. शस्त्रक्रिया शक्य नसेल किंवा धोका जास्त असेल, तर किरणोपचार देतात. आठवड्यातून पाच दिवस असे साधारण सहा आठवडे ते चालतात आणि मध्ये खंड पडला तर परिणाम घटतो. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या कुटुंबाला नाशिक, मुंबई किंवा सुरतेला राहण्याची सोय आधी करावी लागते, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात रुग्ण घरी परततो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरचे उपचार बसतात; शिधापत्रिका आणि ओळखपत्र पहिल्याच भेटीला सोबत असावे आणि रुग्णालयातील आरोग्यमित्राला गाठावे.

भाजण्यावर सुरुवातीला नीट उपचार झाले तर यातले बरेच टळते. भाजलेली जागा तीन आठवड्यांत भरली नाही तर कातडी लावून घ्यावी, सांधा आखडू देऊ नये. जुन्या व्रणाला रोज खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावावे आणि शेतात जाताना त्यावर मऊ कापड गुंडाळावे.

परत येणारा रोग बहुधा पहिल्या दोन वर्षांत येतो. म्हणून त्या काळात दर तीन ते सहा महिन्यांनी, नंतर पाच वर्षांपर्यंत सहा ते बारा महिन्यांनी तपासणी होते. दर वेळी शस्त्रक्रियेची जागा, उरलेला जुना व्रण आणि जांघ किंवा काख अशा तीनही ठिकाणी हात लावून पाहतात. रुग्णाने घरी आंघोळीच्या वेळी महिन्यातून एकदा हेच करावे. पाठ आणि पोटरीची मागची बाजू स्वतःला दिसत नाही. ती घरातल्या दुसऱ्याने पाहावी.