पाचची गोळी, चारची गोळी आणि ती इवलीशी डेक्सा

परळला हॉस्पिटलांच्या समोर जी मेडिकलची दुकानं आहेत ना, तिथे स्टेरॉइडच्या गोळ्यांबद्दल हे हमखास ऐकू येतं. "अहो, आधी वायसोलोन पाचची होती, आता मेड्रॉल चारची दिलीय, म्हणजे डोस कमी झाला ना?" नाही काकू, काही कमी नाही झालेला. वायसोलोन म्हणजे प्रेडनिसोलोन आणि मेड्रॉल म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन, आणि सूज उतरवायच्या हिशोबात प्रेडनिसोलोनचे ५ मिलीग्रॅम आणि मिथाइलप्रेडनिसोलोनचे ४ एकच. हायड्रोकॉर्टिसोन असेल तर २० लागतात, आणि डेक्सामेथासोन, म्हणजे आपली डेक्सा, फक्त पाऊण मिलीग्रॅम. आता पाकिटावर ०.५ बघून कोणालाही वाटणार की ही तर हलकी गोळी, पण कोविडमध्ये ऑक्सिजनवरच्या पेशंटला दिवसाला ६ मिलीग्रॅम डेक्सा द्यायचे ती प्रेडनिसोलोनच्या भाषेत ४० झाली! आणि लोक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी प्रिस्क्रिप्शनं बघून घरीच घेत होते, ऑक्सिजन चांगला असतानासुद्धा.

एवढा फरक का, तर रेणूतल्या बारीकशा बदलांमुळे. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे आपल्या किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी रोज बनवतात तेच कॉर्टिसोल. त्याच्या पहिल्या कड्यात एक जादा डबल बाँड टाकला की झालं प्रेडनिसोलोन, ताकद चौपट. मग केमिस्ट लोकांनी एक फ्लोरिन चिकटवून बघितला, ताकद वाढली खरी पण शरीरात मीठ-पाणी साठवायची खोडही भयंकर वाढली, मग सोळाव्या कार्बनवर एक मिथाइल गट बसवला आणि ती खोड जवळजवळ गेलीच. हे तिन्ही बदल एकत्र म्हणजे डेक्सा. बेटामेथासोनमध्ये (बेटनेसोलवाली) सगळं तेच, फक्त तो मिथाइल उलट्या दिशेला, ताकद साधारण सारखीच.

पण मला विचाराल तर मिलीग्रॅमपेक्षा तास बघा. हायड्रोकॉर्टिसोनचा असर ८ ते १२ तास, म्हणून दिवसातून दोन-तीनदा घ्यावी लागते. प्रेडनिसोलोन १२ ते ३६ तास, सकाळी नाश्त्यानंतर एकदा घेतली की बास. डेक्सा ३६ तासांच्या वर टिकते, म्हणजे कालच्या गोळीचा असर चालू असतानाच आजची पोटात जाते आणि बाहेरून स्टेरॉइड मिळतंय म्हणून स्वतःचं कॉर्टिसोल बनवायचं थांबवून झोपलेल्या अ‍ॅड्रिनलला डोकं वर काढायला वेळच मिळत नाही, म्हणून संधिवातासारख्या वर्षानुवर्षं चालणाऱ्या दुखण्यात डॉक्टर शक्यतो प्रेडनिसोलोन देतात. आणि कुठलीही असो, बरेच आठवडे घेतलेली गोळी बरं वाटलं म्हणून एका दिवसात बंद केली की झोपलेली अ‍ॅड्रिनल लगेच उठत नाही, बीपी पडतं, उलट्या होतात, कधीकधी जिवावर बेततं.

स्टेरॉइडच्या क्रीमला मात्र यातला कुठलाच हिशोब लागू नाही. १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन सगळ्यात सौम्य गटात आणि ०.०५ टक्के क्लोबेटासोल सगळ्यात जहाल. लोकलमधल्या घामाने जांघेत गजकर्ण झालं की काउंटरवरून मिळणाऱ्या मिक्स ट्यूबमध्ये (बुरशीचं औषध आणि स्टेरॉइड एकत्र) बरेचदा हेच क्लोबेटासोल असतं, दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश, आणि बुरशी आरामात पसरत राहते.