एलिझाबेथकालीन आणि जेकोबियन इंग्रजी नाटकांतील स्वप्ने

सुमारे १५८० पासून १६४२ मध्ये पार्लमेंटने नाटकगृहे बंद करेपर्यंतच्या इंग्रजी नाटकांत स्वप्ने जागोजागी भेटतात. एकतर पात्र जागे होऊन स्वप्न सांगते, नाहीतर झोपलेल्या पात्राभोवती ते रंगमंचावर प्रत्यक्ष घडते. सांगितलेली स्वप्ने संख्येने कितीतरी जास्त आहेत, आणि नाट्यदृष्ट्या बहुधा तीच सरस ठरतात. स्वप्न सांगायचे तर ऐकणारा हवा. ऐकणारा आला की अर्थ लावणे आले, आणि अर्थ चुकला तर जीव जातो.

स्वप्नाविषयी त्या काळी दोन मते शेजारी शेजारी नांदत होती. वैद्यकाच्या मते रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त या चार रसांचा तोल गेला, जेवण जड झाले किंवा दिवसाची चिंता मनात राहिली की स्वप्न पडते. लेखक टॉमस नॅशने १५९४ मध्ये स्वप्नाला दिवसाने न पचवता मागे टाकलेल्या कल्पनेचा फेस म्हटले. दुसऱ्या मताप्रमाणे देव, सैतान किंवा मृतात्मा स्वप्नातून पुढचे सुचवतो. टॉमस हिलचे स्वप्नार्थावरचे पुस्तक १५७६ मध्ये निघाले होते, आणि ग्रीक लेखक आर्टेमिडोरसचा ग्रंथ १६०६ मध्ये इंग्रजीत आला.

ही दोन्ही मते एकाच संवादात पाहायची असतील तर ‘आर्डन ऑफ फॅव्हरशॅम’ (छापील प्रत १५९२) उघडावे. फॅव्हरशॅम गावात १५५१ मध्ये खरोखर झालेल्या खुनावर हे नाटक आधारलेले आहे. लेखक अज्ञात आहे. हरणासाठी जाळे लावले आहे, आपण टेकाडावर उभे आहोत, आणि एकाएकी ते जाळे आपल्यावरच पडते आहे, असे स्वप्न आर्डन मित्राला सांगतो. जागे झाल्यावरही तो थरथरत असतो. मित्र फ्रँकलिन समजूत घालतो की रात्री नोकर मायकेल भीतीने ओरडला, त्यातूनच हे उपजले. खुलासा तर्काला पटणारा आहे, पण मायकेल का ओरडला हे प्रेक्षकाला माहीत असते : मारेकऱ्यांसाठी दार उघडे ठेवणारा तोच. म्हणजे फ्रँकलिनने कारण बरोबर ओळखले आणि धोका मात्र त्याच्या नजरेतून सुटला. पुढे आर्डन आपल्याच घरात, सोंगट्यांचा डाव खेळताना मारला जातो.

शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’मध्ये (१५९९) अर्थाची अशीच ओढाताण दिसते. सीझरच्या पुतळ्यातून शंभर तोट्यांच्या कारंज्यासारखे रक्त उसळते आहे आणि रोमन लोक हसत हसत त्यात हात बुडवताहेत, असे त्याची पत्नी कॅल्पर्निया हिला स्वप्नात दिसले. सीझरच्या खुनाच्या कटातला डेसिअस तेच चित्र तसेच ठेवून अर्थ उलटवतो : रोम तुमच्या रक्तातून नवजीवन घेणार! एकही तपशील तो बदलत नाही, म्हणूनच त्याचे बोलणे पटते.

रचलेली स्वप्ने आणखी घातक असतात. शेक्सपिअरच्याच ‘ऑथेल्लो’मध्ये कपटी इयागो ऑथेल्लोला कॅशिओ या अधिकाऱ्याच्या झोपेतल्या बडबडीची हकीकत सांगतो आणि लगेच ‘ते तर नुसते स्वप्न होते’ अशी मखलाशी करतो; ऑथेल्लो त्यालाच पत्नीच्या व्यभिचाराचा पुरावा मानतो. नाटककार जॉन वेब्स्टरच्या ‘द व्हाइट डेव्हिल’मध्ये (१६१२) व्हिटोरिया आपला प्रियकर ब्रॅकिआनो याला मध्यरात्रीच्या स्मशानातल्या यू वृक्षाचे स्वप्न ऐकवते. स्वप्नात ब्रॅकिआनोची पत्नी आणि व्हिटोरियाचा स्वतःचा नवरा कुदळ-फावडे घेऊन तिला जिवंत गाडायला येतात. वावटळीत झाडाची फांदी कोसळते आणि दोघेही मरतात. या झाडाचे इंग्रजी नाव आणि ‘तुम्ही’साठीचा इंग्रजी शब्द यांचा उच्चार एकच, ‘यू’, त्यामुळे कोणी काय करायचे ते न बोलता कळते. शेजारी उभा असलेला तिचा भाऊ फ्लॅमिनिओ हे प्रेक्षकांना उघड सांगतो.

स्वप्न दाखवायचे झाले की अडचणी सुरू होतात. खुल्या नाटकगृहांत प्रयोग भर दुपारी होत. अंधार करण्याची सोयच नव्हती. त्यामुळे रात्र मेणबत्ती, मशाल किंवा झोपेच्या झग्यावरून ओळखायची. नाटकगृहाचा मालक फिलिप हेन्स्लो याच्या कागदपत्रांतील १५९८च्या सामानाच्या यादीत एक पलंग आणि शेवाळाचे दोन उंचवटे आहेत. झोपणाऱ्या पात्राला अशीच जागा लागे. झोपलेला नट सर्वांना दिसला पाहिजे, पण हलता कामा नये. आणि तो मेलेला वाटू नये म्हणून ‘झोप येते’ हे आधी शब्दांत सांगावे लागे. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’च्या १६२३च्या फोलिओ प्रतीत (त्याच्या नाटकांच्या मोठ्या आकाराच्या संग्रहात) तिसऱ्या अंकाच्या शेवटी प्रेमिकांनी ‘संपूर्ण ॲक्ट’ झोपून राहावे अशी रंगसूचना आहे. ‘ॲक्ट’ म्हणजे इथे दोन अंकांमधला विराम. या नाटकात खरे म्हणावे असे स्वप्न मात्र एकच आहे, प्रेमिकांपैकी हर्मियाला दिसलेल्या सापाचे.

शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड तिसरा’मध्ये राजा रिचर्ड आणि रिचमंड या दोन शत्रूंचे तंबू एकाच रंगमंचावर लागतात. अकरा भुते मृत्यूच्या क्रमाने येऊन रिचर्डला शाप आणि रिचमंडला आशीर्वाद देतात. दोन्ही झोपलेल्यांमध्ये भुतांना वळायला जागा राहिली नाही तर शाप नेमका कोणाला, हेच कळत नाही. त्याच्याच ‘सिंबेलिन’मध्ये (सुमारे १६१०) झोपलेला नायक पोस्थ्युमस याच्याभोवती मृत आईवडील आणि भाऊ फेर धरतात, मग रोमन देव ज्युपिटर गरुडावर बसून वरून उतरतो. अशा उतरणीसाठी छतात यंत्र लागे. ‘रोज’ नावाच्या नाटकगृहाच्या ‘स्वर्गात’, म्हणजे रंगमंचावरच्या छतात, सिंहासन करणे आणि इतर सुतारकाम यांसाठी हेन्स्लोने १५९५ मध्ये ७ पौंड २ शिलिंग मोजले होते. ढगांच्या गडगडाटात यंत्राची करकरही झाकली जाई. जागा झाल्यावर पोस्थ्युमसला छातीवर भविष्यलेख सापडतो, त्यामुळे स्वप्नाला हाती धरता येईल असा पुरावा राहतो.

‘हेन्री आठवा’मध्ये (१६१३) असा पुरावा नाही, आणि माझ्या मते या काळातले सर्वांत हळुवार स्वप्नदृश्य हेच. राजाने सोडलेली आजारी राणी कॅथरिन वादकांना उदास सूर वाजवायला सांगून झोपी जाते. पांढरे झगे, सोनेरी मुखवटे आणि लॉरेलचे मुकुट घातलेल्या सहा आकृती येतात. पहिली जोडी एक जादा मुकुट तिच्या डोक्यावर धरते, बाकीचे चौघे लवून वंदन करतात. मग तो दुसऱ्या आणि तिसऱ्या जोडीकडे जातो. कॅथरिन झोपेतच आनंदाने हात आकाशाकडे उचलते. आकृती मुकुट घेऊन नाचत निघून जातात. संगीत मात्र चालू राहते. जागी होऊन ती विचारते, कोणी आले होते का? जवळ बसलेला तिचा सेवक ग्रिफिथ याने कोणालाच पाहिलेले नसते. मग ती वादकांना थांबायला सांगते, कारण तेच सूर आता तिला कर्कश वाटतात.