सक्तीचा मानसोपचार : किशोरवयीनांच्या डिस्टोपियन कादंबऱ्यांतील

भविष्यातील एखाद्या दडपशाहीच्या (डिस्टोपियन) समाजात मुलांचे दुःख, प्रेम किंवा बंडखोरी हाच आजार ठरवून त्यांच्या संमतीविना तो ‘बरा’ केला जातो, अशा कथासूत्राच्या कादंबऱ्यांचा हा प्रकार असून इंग्रजी किशोरसाहित्यात तो एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत विशेष रुजला.

लोईस लाऊरी यांच्या ‘द गिव्हर’ (१९९३) मध्ये रोज सकाळी घरातल्या प्रत्येकाने रात्रीचे स्वप्न सांगायचे असा रिवाज आहे. नायक जोनासच्या स्वप्नात मैत्रिणीविषयीची ओढ डोकावताच आई त्याला एक गोळी देते आणि ती त्याने म्हातारपणापर्यंत रोज घ्यायची असते. येथे आरडाओरडा होत नाही, कोणी हात धरून ओढत नाही. सक्ती मायेच्या सुरात होते, म्हणूनच ती नंतरच्या कादंबऱ्यांतील शस्त्रक्रियांपेक्षा अधिक अस्वस्थ करते. स्कॉट वेस्टरफेल्ड यांच्या ‘अग्लीज’ (२००५) मध्ये सोळाव्या वर्षीच्या सौंदर्यशस्त्रक्रियेत मेंदूलाही गुपचूप इजा केली जाते, तर लॉरेन ऑलिव्हर यांच्या ‘डिलिरियम’ (२०११) मध्ये प्रेम हाच रोग असून अठराव्या वर्षी त्यावर शस्त्रक्रिया होते. सुझान यंग यांची ‘द प्रोग्राम’ (२०१३) विषयाला थेट भिडते. किशोरवयीनांच्या आत्महत्यांची साथ आलेली असते. शाळेत मुलांकडून मनःस्थितीच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात आणि संशय आला की पांढऱ्या कोटातली माणसे मुलाला उचलून नेतात. परतलेल्या मुलाच्या दुःखद आठवणी पुसलेल्या असतात, त्यांसोबत मित्रही. परिणामी भाऊ गमावलेल्या नायिकेला घरच्यांदेखत रडण्याचीही धास्ती वाटते.

या कल्पना हवेतून आलेल्या नाहीत. पोर्तुगीज डॉक्टर एगास मोनिझ यांनी मानसिक आजारांवर १९३५ मध्ये सुरू केलेल्या मेंदूशस्त्रक्रियेला (लोबोटॉमी) १९४९ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि अमेरिकेत ती लहान मुलांवरही झाली; सोव्हिएत संघात राजकीय विरोधकांना मनोरुग्ण ठरवून कोंडले गेले. मात्र या प्रकारातला एक दोष उघड आहे : डॉक्टर बहुधा खलनायकच असतो, आणि समजून-उमजून घेतलेल्या उपचारांनी सावरलेले मूल क्वचितच भेटते.

सातारा जिल्ह्याच्या संदर्भात या कादंबऱ्या वाचताना हा दोष अधिक जाणवतो. कथेतली सक्ती दवाखान्यात होते. इकडे ती कित्येकदा दवाखान्याची पायरी चढण्याआधीच होऊन गेलेली असते. मुलगी जेवेनाशी, बोलेनाशी झाली की ‘बाहेरचं काहीतरी असेल’ म्हणून तिला आधी देवऋषाकडे नेणारी घरे आजही आहेत, आणि त्यांत शिकलेली घरेही येतात. सातारचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये अमलात आला. भूत उतरवण्याच्या बहाण्याने एखाद्याला दोरीने वा साखळीने बांधून मारहाण करणे हा त्यानुसार गुन्हा आहे.

रुग्णालयातील सक्तीला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मर्यादा घातल्या. अठरा वर्षांखालील मुलाला दाखल करण्यापूर्वी दोन तज्ज्ञांनी त्याची स्वतंत्रपणे तपासणी करावी लागते, त्याची व्यवस्था प्रौढांपासून वेगळी ठेवावी लागते आणि ७२ तासांच्या आत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावे लागते. विजेचे झटके देण्याच्या उपचाराला पालकाच्या संमतीबरोबरच मंडळाची पूर्वपरवानगी लागते. तरीही दाखल करण्याचा अर्ज आणि उपचारांची संमती सामान्यतः पालकाचीच असते, म्हणजे देवऋषाकडे नेण्याचा निर्णय ज्याने घेतला त्याचीच. मुलाची स्वतःची इच्छा समजू शकत असल्यास ती विचारात घ्यावी, एवढेच कायदा सांगतो.